पाणी साठवणारी झाडे आणि चार महिन्यांचा पाऊस

कोरफडीचे मुळासकट उपटलेले झाड दाराच्या चौकटीला उलटे टांगायची रीत अनेक घरांत आणि दुकानांत दिसते. नजर लागू नये हा त्यामागचा समज. झाडाला ना माती ना पाणी, मुळे वर आणि पाने खाली. तरी ते महिनोन्‌महिने हिरवे राहते आणि पानांची टोके वळवून हळूहळू वरच्या दिशेला वाढू लागते. हेच झाड पाणी तुंबणाऱ्या कुंडीत लावून आषाढात गच्चीवर ठेवले, तर काही दिवसांतच बुडाशी पिवळे पडून लिबलिबीत होते. कोरड्यात तगणारे झाड ओल्यात का मरते, याचा उलगडा झाला की मांसल वनस्पतींच्या लागवडीतल्या बहुतेक सूचना वेगळ्या पाठ कराव्या लागत नाहीत.

मांसल वनस्पती, म्हणजे नर्सरीच्या भाषेत सक्युलंट, हे एखाद्या कुळाचे नाव नाही. पाण्याची टंचाई असलेल्या मुलखात तग धरण्यासाठी एकमेकांशी नाते नसलेल्या डझनावारी कुळांनी उचललेली ती एक राहणी आहे. कोणी पानांत पाणी साठवते, जशी कोरफड, पानफुटी आणि जेड. कोणी खोडात साठवते, जसा शेर आणि त्रिधारी निवडुंग. अडेनियमसारखी झाडे खोडाचा बुंधाच माठासारखा फुगवतात. सकाळी उन्हाबरोबर उमलणारा चिनी गुलाब, ज्याला ‘ऑफिस टाइम’ म्हणतात, तो याच गोतावळ्यातला, आणि पीठ पेरून किंवा डाळ घालून जिची भाजी करतात ती घोळही त्याच्याच प्रजातीतली. घरात ‘ब्रह्मकमळ’ म्हणून कौतुकाने वाढवलेले, पावसाळ्याच्या रात्री फुलणारे झाड तर चक्क निवडुंगाच्या कुळातले आहे. ते मूळचे मध्य अमेरिकेकडचे, झाडांच्या खोडांवर वाढणारे. त्याची चपटी ‘पाने’ म्हणजे खरे तर खोडच. हिमालयातले खरे ब्रह्मकमळ सूर्यफुलाच्या कुळातले आहे आणि दोघांचा काडीचाही संबंध नाही.

‘निवडुंग’ या शब्दाने मराठीत बराच घोळ घातला आहे. डोंगरउतारावर किंवा शेताच्या बांधावर दिसणारे काटेरी, चीक येणारे निवडुंग हे युफोर्बिया, म्हणजे शेराच्या कुळातले आणि इथलेच. फड्या निवडुंग मात्र कॅक्टस, म्हणजे अमेरिकेचा. कॅक्टस कुळातल्या दीड हजारांहून अधिक जातींपैकी एक अपवाद वगळता सगळ्या मुळात अमेरिका खंडांतल्या. दोघांतला फरक ओळखायला पुस्तक लागत नाही. कॅक्टसचे काटे लोकरीच्या बारीक गादीसारख्या ठिपक्यातून, झुबक्याने निघतात. युफोर्बियाला असा ठिपका नसतो आणि ओरखडा निघाला की पांढराशुभ्र चीक येतो. हा चीक डोळ्यांत गेला तर गंभीर इजा होते, म्हणून शेराचे कुंपण छाटणारा माणूस वाऱ्याची दिशा पाहून उभा राहतो. फड्या निवडुंग भारतात आला तो किरमिजी रंग देणाऱ्या किड्याचे खाद्य म्हणून. १७९५च्या सुमारास ब्राझीलमधून कलकत्त्याला तो किडा म्हणून जो आणला गेला, तो भलत्याच जातीचा निघाला. रंग हलका मिळाला, पण किड्याने माजलेल्या निवडुंगाचा पुष्कळ भागांत फडशा पाडला. तणाचा बंदोबस्त किड्याकरवी होण्याच्या जगातल्या अगदी आरंभीच्या उदाहरणांत याची गणना होते, आणि ते घडले निव्वळ चुकीने.

या झाडांची खरी करामत मात्र रात्री चालते. बहुतेक झाडे दिवसा पानांवरची सूक्ष्म रंध्रे उघडून कार्बन डायऑक्साइड घेतात. त्याच उघड्या दारांतून पाण्याची वाफ निघून जाते. बऱ्याचशा मांसल वनस्पती दिवसा दारे लावून घेतात आणि रात्री, हवा थंड झाल्यावर, उघडतात. रात्रभर घेतलेला वायू मॅलिक आम्लाच्या रूपात पेशींत साठतो आणि दिवसा उजेडात वापरला जातो. याचा एक पुरावा भारतात, जिभेने मिळाला. मद्रास इलाख्यात काम करणारे वनस्पतिशास्त्रज्ञ बेंजामिन हाइन यांनी पानफुटीचे पान सकाळी चाखले तेव्हा ते आंबट लागले, दुपारी बेचव आणि संध्याकाळकडे किंचित कडवट. त्यांची ही नोंद लंडनच्या लिनियन सोसायटीच्या नियतकालिकात १८१५ साली छापली गेली. पानफुटीच्या क्रॅसुलेसी या कुळावरून या क्रियेला पुढे नाव मिळाले.

कुंडीतल्या झाडाच्या दृष्टीने यातून दोन गोष्टी निघतात. एक म्हणजे ही काटकसर फुकट मिळत नाही. रात्री जेवढे साठेल तेवढेच दिवसा वापरायचे, त्यामुळे वाढ संथ असते आणि पाणी-खताचा मारा करून ती रेटता येत नाही. दुसरे, रात्र थंड असेल तर हा व्यवहार सुरळीत चालतो. मुंबईत मे महिन्यात रात्रीही उकडते आणि हवा दमट असते. तिथे मेक्सिकोच्या उंच पठारावरून आलेली एचेव्हेरिया मलूल होते, आणि तीच पुण्या-नाशिकच्या थंडीत गुलाबाच्या फुलासारखी घट्ट, कडांना लाली धरून बसते. दोन्हीकडचे माळी सारखेच मेहनती असू शकतात. फरक रात्रीच्या हवेत असतो.

मुळांचे गणितही वेगळे. कोरड्या मुलखात ही झाडे उथळ आणि पसरट मुळांनी एखाद्या सरीचे पाणी पटकन शोषून घेतात. दुष्काळ लांबला की बारीक मुळे वाळून झडतात आणि पुन्हा ओल मिळाल्यावर नवी फुटतात. म्हणजे कोरडेपणाची त्यांना सवय आहे, गुदमरण्याची नाही. मुळांनाही श्वासासाठी हवा लागते. मातीतल्या पोकळ्या पाण्याने भरून दोन-चार दिवस तशाच राहिल्या तर मुळे कमजोर होतात आणि ओलीत वाढणाऱ्या पिथियम, फायटोफ्थोरा यांसारख्या रोगांना आयते घर मिळते. झाड पाण्याने मेले असे म्हटले जाते. खरे तर ते हवेवाचून मरते.

म्हणूनच लागवडीचा पहिला धडा मातीच्या मिश्रणाचा आहे. दख्खनची काळी कपाशीची माती शेताला कितीही मोलाची असली, तरी या कुंडीत तिला जागा नाही. ती ओली झाली की फुगते, वाळली की भेगाळते आणि पाणी सोडता सोडत नाही. मिश्रणाचा निम्म्याहून जास्त भाग खडबडीत, न कुजणारा असावा. बारीक चाळलेला मुरूम, विटांचा चुरा, जाड वाळू, पर्लाइट किंवा प्युमिस यांतले जे हाताशी असेल ते चालते. दाणा साधारण ज्वारी ते हरभऱ्याएवढा ठेवून खालची पूड चाळून काढणे मात्र महत्त्वाचे. हे काम कंटाळवाणे असते आणि बहुतेक जण तेच गाळतात. वीटचुरा न चाळता घातला की त्याची पूड दोन पाण्यांत तळाशी बसते आणि कुंडीत गारा तयार होतो. उरलेल्या भागात थोडी लाल किंवा पोयट्याची माती आणि चांगले कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत पुरे. मूठभर मिश्रण ओले करून दाबावे. मूठ उघडल्यावर लाडू तसाच राहिला तर अजून खडी हवी, लगेच विस्कटला तर जमले.

कुंडीच्या तळाशी खडीचा वेगळा थर दिला म्हणजे पाणी लवकर जाते, हा समज पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे आणि तो चुकीचा आहे. बारीक मातीतले पाणी जाड खडीत सहजी उतरत नाही. वरची माती तळाशी पुरती तुडुंब झाल्याशिवाय ते खाली सरकत नाही. म्हणजे थर दिल्याने ओला पट्टा नाहीसा होत नाही, तो मुळांच्या आणखी जवळ येतो. भांडी घासायचा जाड स्पंज पाण्यात बुडवून आडवा धरला की थोडे पाणी गळून थांबते. तोच न पिळता उभा केला की पुन्हा धार लागते. स्पंज तोच, पाणी तेच. उंची वाढली म्हणून तळाशी अडलेले पाणी सुटले. उथळ, पसरट थाळीत तेच मिश्रण खोल कुंडीपेक्षा जास्त काळ ओले राहते ते यामुळे. भेट म्हणून मिळणाऱ्या, तळाला भोक नसलेल्या सिरॅमिकच्या वाट्या आणि काचेची भांडी तर या झाडांसाठी सापळेच आहेत. भोकावर जाळीचा तुकडा किंवा खापरी टाकावी आणि वरपर्यंत एकच मिश्रण भरावे. मातीची कुंडी अंगातून ओल सोडते म्हणून दमट कोकणपट्टीत ती बरी. विदर्भ-मराठवाड्यात मात्र तिच्यातली छोटी रोपे उन्हाळ्यात फार लवकर कोरडी पडतात, तिथे प्लास्टिकची कुंडी चालते. कुंडी झाडापेक्षा बोट-दोन बोटे रुंद असली की झाले. मोठ्या कुंडीत वाढायला जागा मिळेल हा विचार इथे उलटा पडतो, कारण जिथे मूळ पोचत नाही तिथली ओल शोषायला कोणी नसते.

नर्सरीतून आणलेले रोप बहुधा निव्वळ कोकोपीटमध्ये असते. वाहतुकीला हलके आणि पॉलिहाउसमधल्या मोजून दिलेल्या पाण्याला सोयीचे, म्हणून नर्सरीवाल्याची त्यात चूक नाही. पण घरी आल्यावर कोकोपीट एक तर दिवसचे दिवस ओले राहते, नाहीतर ठणठणीत वाळल्यावर पाणी आत शिरू देत नाही. ते कडेने ओघळून खालून निघून जाते आणि माणसाला वाटते, पाणी दिले. रोप घरी आल्यावर आठवडाभर स्थिरावू द्यावे, मग मुळांभोवतीचा गोळा हलक्या हाताने झाडून नव्या मिश्रणात लावावे. तुटलेल्या मुळांच्या जखमा भरेपर्यंत चार-पाच दिवस पाणी देऊ नये. नव्या झाडाला लावल्या लावल्या भरपूर पाणी घालायची बाकीच्या बागेतली सवय इथे आवरावी लागते.

पाणी किती दिवसांनी द्यायचे, हा सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न आणि सर्वांत निरुपयोगीही. कुंडीचे आकारमान, मिश्रण, वारा आणि ऋतू यांवर ते ठरते. वाराच्या हिशेबाने दिलेले पाणी कधी ना कधी चुकतेच. अगरबत्तीची जुनी काडी किंवा बांबूची बारीक कामटी मिश्रणात तळापर्यंत खुपसून पाच मिनिटांनी काढावी. ती कोरडी निघाली तर खालच्या भोकातून वाहीपर्यंत भरपूर पाणी द्यावे आणि ताटलीत साचलेले ओतून टाकावे. रोज चमचाभर शिंपडणे सर्वांत वाईट. त्याने वरची माती कायम ओलसर आणि खालची मुळे उपाशी राहतात. सुरकुतलेली पाने फसवी असतात. तहानेने सुरकुतलेल्या झाडाची खालची पाने पातळ होतात, पण खोड टणक असते आणि पाणी मिळाल्यावर दोन दिवसांत पाने पुन्हा भरतात. मुळे कुजलेले झाडही सुरकुतते, कारण पाणी असून ओढता येत नाही. मात्र त्याची पाने पारदर्शक, पिवळट होऊन नुसत्या स्पर्शाने गळतात आणि खोडाचे बूड काळे पडते. अशा झाडाला तहानलेले समजून आणखी पाणी देणे हा त्याचा शेवटचा घोट ठरतो.

ऋतूंच्या बाबतीत इंग्रजी पुस्तकांचे आणि व्हिडिओंचे बोट धरून चालणे धोक्याचे. ती थंड देशांसाठी लिहिलेली असतात. हिवाळ्यात झाडे झोपतात, पाणी बंद करा, असे त्यांत असते. महाराष्ट्रात कार्तिक ते माघ हा एचेव्हेरिया, हवोर्थिया, सेडम, जेड यांचा उमेदीचा काळ. ऊन कोवळे, रात्री गार, हवा कोरडी; लागवड, कुंडीबदल, खत हे सारे तेव्हा करावे. खतही बेताचे, पाकिटावर लिहिलेल्या निम्म्या मात्रेने एक-दोनदा. नत्र जास्त झाले की पाने फोफशी होतात आणि किडींना आवडतात. एप्रिल-मेमध्ये यांतली बरीच झाडे विश्रांती घेतात, तेव्हा सावली आणि संध्याकाळचे मोजके पाणी बस्स. उलट अडेनियम, शेर आणि उष्ण प्रदेशातले युफोर्बिया उन्हाळ्यात जोमात असतात. अडेनियमची पाने थंडीत झडली तर ते दुखणे समजू नये. त्या काळात त्याचे पाणी जवळपास बंद करावे. युरोपातल्या डोंगरांवरचे सेम्पर्व्हायव्हम मात्र मुंबई-ठाण्यात विकत न घेतलेलेच बरे.

उजेडाचाही असाच स्थानिक हिशेब आहे. ‘दक्षिणेची खिडकी सर्वोत्तम’ हे वाक्य उत्तरेकडच्या देशांतले. मुंबई, पुणे कर्कवृत्ताच्या दक्षिणेला असल्याने सूर्य वर्षातून दोनदा थेट डोक्यावर येतो; मेच्या मध्यातल्या शून्य सावलीच्या दिवसाची बातमी दरवर्षी वर्तमानपत्रांत येते. त्यानंतर जुलै संपेपर्यंत माध्यान्हीचा सूर्य उत्तरेला असतो. त्यामुळे दक्षिणेच्या गॅलरीत डिसेंबरचे तिरपे ऊन पार आतल्या भिंतीपर्यंत येते आणि मेमध्ये वरच्या स्लॅबच्या सावलीमुळे तिथे ऊन जवळपास नसतेच. या झाडांना ते सोयीचेच. पश्चिमेच्या गॅलरीत उन्हाळ्याच्या दुपारी कुंडीची भिंत हात लावता येणार नाही इतकी तापते. तिथे शेडनेट हवे. उजेड कमी पडला की झाड मान लांब करते, पानांमधले अंतर वाढते आणि रंग फिका होतो. असे लांबलेले खोड पुन्हा आखूड होत नाही. शेंडा कापून नव्याने लावावा लागतो. सावलीतले झाड एकदम उन्हात ठेवले तर पानांवर पांढरे आणि मग तपकिरी डाग पडतात. ते कायमचे असतात, म्हणून रोज तासभर वाढवत आठ-दहा दिवसांत उन्हाची सवय लावावी. स्नेक प्लांट आणि हवोर्थिया ही घरात खिडकीशी ठेवता येणारी; बाकी बहुतेकांना टीव्हीशेजारच्या टेबलावर शोभेसाठी ठेवणे ही हळूहळू दिलेली शिक्षा आहे.

खरी कसोटी जूनपासून. पुण्यात वर्षाला साधारण ७०० मिलिमीटर पाऊस पडतो, मुंबईत दोन हजारांहून बराच जास्त, आणि त्यातला बहुतेक चार महिन्यांत. सर येऊन उघडली तर चांगल्या मिश्रणातले झाड ते सोसते. आठ-आठ दिवस सूर्य न दिसणारी झड मात्र घातक, कारण कुंडी वाळतच नाही. मृगाआधी कुंड्या छपराखाली घ्याव्यात. शेडनेटने पाऊस अडत नाही, हे सांगायला नको; तरी दरवर्षी काही जण त्याच भरवशावर राहतात. पारदर्शक पत्रा हवा आणि चारही बाजू उघड्या हव्यात, कारण वारा खेळता नसेल तर नुसत्या दमट हवेनेही पानांच्या बेचक्यांत बुरशी धरते. कुंड्या दाटीने ठेवू नयेत, खाली विटा द्याव्यात, गळालेली पाने वेचावीत. आतल्या कुंडीला या दिवसांत तीन-तीन आठवडे पाणी लागत नाही. बूड काळे पडायला लागलेले दिसले तर वाट पाहू नये. धार असलेल्या, स्पिरिटने पुसलेल्या सुरीने खालून वर काप घेत जावे आणि कापाच्या मधोमध तपकिरी ठिपका दिसेनासा होईपर्यंत कापावे. उरलेला निरोगी शेंडा सावलीत सुकवून पुन्हा लावला की झाड वाचते. मूळ झाड गेले तरी.

याच गुणामुळे ही झाडे वाढवणे सोपे. पानफुटीचे पान वहीत ठेवून कडांवर रोपे फुटताना पाहणे हा शाळकरी पोरांचा जुना उद्योग. घायपात आयुष्यात एकदाच उंच दांडा काढून फुलतो, त्या दांड्यावर शेकड्यांनी पिल्ले येतात आणि आईझाड मरते. एचेव्हेरिया, सेडम यांचे पान देठाच्या मुळाशी धरून डावी-उजवीकडे हलवत अखंड सोडवावे; तुटलेल्या पानाला मुळे आली तरी कोंब येत नाही. पान असो वा फांदी, जखमेवर कोरडी खपली धरेपर्यंत सावलीत ठेवणे हा एकच नियम. पानाला दोन-तीन दिवस, जाड निवडुंगाच्या कांडाला दोन आठवडेही लागतात. पिवळ्या काठाच्या स्नेक प्लांटचे पान कापून लावले तर येणारे रोप सहसा नुसते हिरवे निघते. काठ हवा असेल तर कंदच वेगळा करावा लागतो. अडेनियमची फांदीही जगते, पण फुगीर बुंधा हवा तर बी पेरावे.

किडींत मुख्य शत्रू पिठ्या ढेकूण. पानांच्या बेचक्यात कापसाचे कण दिसले की कापसाच्या बोळ्याने स्पिरिट लावावे, कुंडी वेगळी ठेवावी आणि मुंग्यांची रांग कुठून येते ते पाहावे, कारण त्याच त्यांना जपतात. झाड विनाकारण खुरटले असेल तर मुळांवरही तीच कीड असते. निंबोळी तेलाची फवारणी संध्याकाळीच. उन्हात तेलकट पान भाजते आणि एचेव्हेरियाच्या पानांवरची पांढरी भुकटी एकदा गेली की त्या पानावर परत येत नाही. पावसाळ्यात रात्री टॉर्च घेऊन गोगलगायी वेचाव्यात.

बाजारात रंग फवारलेली सक्युलंट आणि डोक्यावर कागदी फुले डिंकाने चिकटवलेले कॅक्टस मिळतात. ते न घेणेच बरे. लाल-पिवळ्या गोळ्याचा ‘मून कॅक्टस’ बनावट नसतो, पण त्या गोळ्यात हरितद्रव्य नसते; ड्रॅगन फ्रूटच्या नात्यातल्या हिरव्या खुंटावर कलम करून तो जगवलेला असतो आणि फार वर्षे टिकत नाही. याहून गंभीर बाब रानातून उपटलेल्या झाडांची. दक्षिण आफ्रिकेत कोनोफायटमसारख्या इवल्याशा जातींची चोरी मोठ्या प्रमाणावर होते, आणि जवळजवळ सगळे कॅक्टस आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या सायटीस कराराच्या यादीत आहेत.

महाराष्ट्राची स्वतःची एक दुर्मीळ मांसल वनस्पती आहे: शिवसुमन, म्हणजेच शिंदळ माकुडी. १८६०च्या दशकात वनस्पतिशास्त्रज्ञ डाल्झेल यांनी तिचे वर्णन केले आणि मुंबईचे तत्कालीन गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्यावरून तिला ‘फ्रेरिआ इंडिका’ नाव दिले. शिवनेरी, वज्रगड, सज्जनगड अशा मोजक्या ठिकाणच्या कातळकड्यांवरच ती रानात आढळते. तिच्या जवळच्या नात्यातल्या माकडशिंगांना पाने नावालाच असतात; हिला मात्र पावसाळ्यात चांगली हिरवी पाने येतात आणि पिवळ्या ठिपक्यांची, गडद तांबूस, चांदणीसारखी पाच पाकळ्यांची फुले लागतात. कड्यावरची हात न लावता तिथेच राहू द्यावी; वनस्पती उद्यानांत वाढवलेल्या झाडाचे छाट मिळाले तर ते निचऱ्याच्या मिश्रणात सहज मुळे धरतात. बाकी सक्युलंट पावसात आत घ्यावी लागतात, तेव्हा हिचा हंगाम सुरू होतो. उन्हाळ्यात पाने झडून बोटभर जाडीच्या राखी कांड्या उरतात. कुंडी मेल्यासारखी दिसते आणि नेमकी तेव्हाच ती फेकली जाते. कांडी दाबून टणक लागत असेल तर कुंडी कोपऱ्यात ठेवून द्यावी; वळवाच्या सरींनंतर तिच्या टोकांशी नवी पाने दिसू लागतात.